माझं काय, मी आपला मागे

कार्यक्रम संपला, टाळ्या झाल्या, लोक कोट चढवून दाराकडे निघाले की चेंबालोकाका माझ्याजवळ येतात आणि हळूच विचारतात, "माझं ऐकू आलं का?"

या प्रश्नाचं बरोबर उत्तर "नाही" असं आहे. हे कळायला मला दोन वर्षं लागली. पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी आपल्या रीतीने म्हणालो, "वा! अगदी स्वच्छ ऐकू येत होतं." मिरजेत एखाद्या पेटीवाल्याला हे म्हटलं असतं तर त्याने खूश होऊन चहा पाजला असता. काकांचा चेहरा पडला. "कुठे?" त्यांनी विचारलं. सदऱ्याला मागे डाग पडलाय असं सांगितल्यावर माणूस विचारतो, तसं. मी काहीतरी आठवून "दुसऱ्या भागात, मधे कुठेतरी" असं सांगितलं, तर पुढच्या गुरुवारच्या तालमीला ते त्या भागातले निम्मे सूर गाळून आले.

चेंबालो म्हणजे हार्पसिकॉर्ड. जर्मनीत त्याला चेंबालोच म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला चेंबलेला डबा आठवला, आणि वाद्य ऐकल्यावर ती आठवण अगदीच चुकीची नव्हती असं वाटलं. दिसायला तो निमुळता पियानो, पण पियानोत हातोडी तारेवर पडते आणि यात एक बारीक टोक खालून येऊन तार छेडतं. पूर्वी हे टोक पक्ष्याच्या पिसाच्या देठाचं करत. कार्यक्रमानंतर एखाद्या बाई वाद्याजवळ येऊन भक्तिभावाने विचारतात, "कावळ्याचं पीस ना?" काका तितक्याच भक्तिभावाने सांगतात, "प्लॅस्टिक."

काका लाइपझिगचे. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त करसल्लागार. माझी नोकरी त्याच गावात, संगणकाची. लहानपणी मिरजेला सतरंजीवर मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवून मी चार वर्षं यमन वाजवला होता. इथे आल्यावर खुर्चीत बसून, हनुवटीखाली धरून तेच वाद्य नव्याने शिकलो आणि एका हौशी वाद्यवृंदात शिरलो. सांगलीकडे जशी गल्लीगल्लीत हौशी नाट्यमंडळं, तसे या देशात हौशी वाद्यवृंद. आमच्यात दोन दाताचे डॉक्टर आहेत, एक बेकरीवाला आहे, तीन शाळामास्तर आहेत, आणि सगळ्यांची पुढारी, म्हणजे पहिलं व्हायोलिन, औषधांचं दुकान चालवते. सगळे एकमेकांना 'डू' म्हणजे 'तू' म्हणतात. सत्तरीच्या माणसाला अरे-तुरे करायला माझी जीभ वळत नव्हती, पण काकांनी रीतसर हात मिळवून "डू म्हण" अशी आज्ञा केली. तेव्हापासून मी तोंडाने 'डू' म्हणतो आणि मनात त्याला 'अहो' जोडून घेतो.

आम्ही फक्त बरोक वाजवतो. कोरेल्ली, विवाल्दी, हेंडेल, बाख. त्याच्या पुढचं संगीत काकांच्या मते घाईघाईत झालेलं आहे. वाद्यं आजच्या पट्टीपेक्षा साधारण अर्धा सूर खाली लावतो. आपल्याकडे याला सूर उतरला म्हणतात, इथे ऐतिहासिक म्हणतात.

बरोक कॉन्चेर्तोत माणसांच्या दोन जाती असतात. पुढे दोन-चार एकल वादक, त्यांना कॉन्चेर्तिनो म्हणायचं. मागे उरलेला सगळा जमाव, तो रिपिएनो. कोरेल्लीने ही मांडणी अशी बसवली की पुढे दोन व्हायोलिनं आणि एक चेलो, मागे बाकीचे. त्याचे असे बारा कॉन्चेर्तो १७१४ मध्ये ॲमस्टरडॅमला छापून आले. कोरेल्ली त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता, म्हणजे तोही शेवटी मागेच राहिला. मी पहिल्या दिवसापासून रिपिएनोत, दुसऱ्या व्हायोलिनांच्या शेवटच्या खुर्चीवर. रिपिएनो हा शब्द काय भारदस्त वाटायचा! घरच्या पत्रात मी तो अधोरेखित करून लिहिला होता. मग एकदा इटालियन खाणावळीत पदार्थांच्या यादीत तोच शब्द वांग्याच्या पुढे दिसला. रिपिएनो म्हणजे भरलेलं. इटलीत भरली वांगी मागवायची तर हाच शब्द वापरावा लागतो. सोलोवाले म्हणजे वांगी आणि मी सारण. चव सारणातच असते, असं मी स्वतःला अजून सांगतो.

काका यांपैकी कुठल्याच जातीत मोडत नाहीत. ते कंटिन्युओ. सोलोवाले वाजवोत, सगळे मिळून वाजवोत, कुणी थांबो, कुणी चुको, खालची एक ओळ पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत चालूच असते. चेलो आणि त्याहून जाडा व्हिओलोने ती ओळ धरतात आणि चेंबालोवाला तिच्यावर सुरांचे जुडगे रचत जातो. हे जुडगे लिहिलेले नसतात. कागदावर असते एकच ओळ आणि तिच्याजवळ आकडे. सहा, सात, चाराचे तीन. खालच्या सुरापासून कितवा सूर घ्यायचा त्याचा तो हिशेब. बाकी सगळं वाजवणाऱ्याने जागच्या जागी भरायचं. "चाळीस वर्षं लोकांचे हिशेब तपासले," काका म्हणतात, "खालचे आकडे बरोबर असले की वर कुणी काहीही दाखवू दे."

आईला एकदा आमच्या कार्यक्रमाचं चित्रण पाठवलं. वीस मिनिटं तिने शांतपणे पाहिलं आणि मिरजेहून फोन केला. "बाकीचे मधे मधे थांबतायत, पण तो मागचा एकटा काही थांबत नाहीये. त्याला कुणी सांगितलं नाही का?" मी तिला कंटिन्युओ समजावून सांगितला. तानपुऱ्यासारखा तो सतत असतो, पण तानपुरा एका जागी उभा राहतो आणि हा सारखा चालत असतो; पेटीसारखी साथ करतो, पण पेटी गाणाऱ्याच्या मागे मागे जाते आणि इथे गाणाराच याच्या खांद्यावर बसलेला असतो. आईने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आपला मामा," ती म्हणाली.

अगदी बरोबर. प्रत्येक लग्नात एक मामा असतो. मांडववाल्याचे पैसे, भटजींची गाडी, कुणाच्या आजींना लागणारी उंच खुर्ची, सगळं त्याच्याकडे. फोटोत तो कुठेच नसतो. आणि हे सगळं करताना भेटेल त्याला तो सांगत असतो, "माझं काय, मी आपला मागे." चारशे पाहुणे असतील तर चारशे जणांना. संध्याकाळपर्यंत नवरदेवाचं नाव विसरलेला माणूसही मामा मागे होते हे विसरू शकत नाही.

काकांचा मागेपणा याच घराण्यातला. एका कार्यक्रमाच्या पत्रकात त्यांचं नाव छापायचं राहून गेलं. पुढारीणबाई माफी मागायला गेल्या, तर काकांनी आधीच वीस पत्रकं खिशात टाकली होती. ती त्यांनी महिनाभर ओळखीपाळखीच्या सगळ्यांना वाटली. "बघ, यात मी नाही," असं ते म्हणायचे आणि नाव कुठे नाही ती जागा बोटाने दाखवायचे. त्यांच्या घरी कार्यक्रमांच्या फोटोंचं एक जाड पुस्तक आहे. चेंबालोचं झाकण वर उघडलेलं असतं आणि त्यामागे काका झाकलेले. प्रत्येक पान उलटताना ते आनंदाने सांगतात, "हा माझा कोपर." एका फोटोत चुकून त्यांचा चेहरा आलाय. तो फोटो ते भराभर पुढे ढकलतात, पण तेवढ्यासाठी त्या पानावर खुणेचा कागद लावलेला आहे.

त्यांना चिडवायचं असेल तर सोलोवाल्यांचं कौतुक करायचं नाही, ते त्यांना चालतं. दुसऱ्या कंटिन्युओवाल्याचं करायचं. कुणी म्हणालं, की अमक्या वाद्यवृंदातला चेंबालोवाला फार सुंदर वाजवतो, की काका विचारतात, "तुला ऐकू आलं?" आणि समोरचा "हो" म्हणाला की समाधानाने मान हलवतात.

गेल्या वर्षी ठरलं, की मार्चच्या कार्यक्रमात बाखचा पाचवा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो घ्यायचा. सर्वांत जोरात विरोध काकांनी केला. ते म्हणाले, बासरी आहे, व्हायोलिन आहे, त्यांचं बघा, त्यांना जमणार असेल तर घ्या. "आणि चेंबालो?" कुणीतरी विचारलं. "चेंबालोला काय आहे त्यात," काका म्हणाले, "साथ आहे."

मी घरी येऊन स्वरलिपी उघडली आणि दोन गोष्टी कळल्या. पहिली माझ्या पोटावर पाय आणणारी. या कॉन्चेर्तोत दुसरं व्हायोलिनच नाही. रिपिएनोत एक व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि व्हिओलोने, झालं. बाखने तेवढ्यावर भागवलंय. सारणातही कपात. (सहाव्या ब्रांडेनबुर्गमध्ये तर एकही व्हायोलिन नाही. तो आम्ही कधी घेऊ नये म्हणून मी गप्प असतो.) दुसरी गोष्ट अशी की पुढच्या तीन सोलोवाल्यांत बासरी आणि व्हायोलिन यांच्या जोडीला चेंबालोचं नाव होतं.

"काका, यात तुम्ही सोलो आहात," मी म्हणालो.

"कागदोपत्री," काका म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "तुला काम नाही ना यात? माझी पानं उलट."

पानं उलटणाऱ्याला पार्श्वभूमी माहीत हवी, म्हणून एका रविवारी ते मला आगगाडीने क्योटनला घेऊन गेले. क्योटन हे लाइपझिगच्या वायव्येला लहानसं गाव. आपल्याकडच्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांना ते माहीत असतं, कारण होमिओपॅथीचा जनक हानेमान तिथे १८२१ ते १८३५ राहिला. माझ्या एका मावसभावाचा दवाखाना आहे, त्याने तर मी क्योटनला जातोय म्हटल्यावर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. हानेमानच्या शंभर वर्षं आधी तिथे बाख होता. वायमारच्या दरबाराने त्याला सोडावं म्हणून त्याने इतका हट्ट केला की १७१७ च्या शेवटी त्याला जवळजवळ महिनाभर कोठडीत ठेवलं आणि मग हाकललं. क्योटनचा राजपुत्र लेओपोल्ड स्वतः वाजवणारा, आणि त्याच्याकडे वादक चांगले होते. त्याचं श्रेय प्रशियाच्या नव्या राजाच्या काटकसरीला. त्याने १७१३ मध्ये गादीवर आल्या आल्या बर्लिनचा दरबारी वाद्यवृंद मोडला आणि तिथले काही वादक क्योटनने उचलले.

ही सगळी हकिकत काकांनी दोन स्टेशनांत उरकली. त्यांना जे सांगायचं होतं ते १७१९ मधलं होतं. त्या वर्षी क्योटनने बर्लिनच्या मीट्के नावाच्या कारागिराकडून नवा चेंबालो घेतला आणि तो आणायला बाखला पाठवलं. वाद्य आणि प्रवासखर्च मिळून एकशेतीस टालर दरबाराच्या हिशेबात पडलेत, तारीख १ मार्च. "प्रवासखर्चासकट!" काका म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. संगीताने मी त्यांना इतकं हललेलं कधी पाहिलं नव्हतं.

बर्लिनमध्ये, की त्याच सुमाराला आणखी कुठे, ब्रांडेनबुर्गचा मार्कग्राफ अशी पदवी असलेल्या उमरावाने बाखचं वादन ऐकलं. दोनएक वर्षांनी बाखने त्याला सहा कॉन्चेर्तो सुवाच्य अक्षरात लिहून अर्पण केले. अर्पणपत्रिका फ्रेंचमध्ये, तारीख २४ मार्च १७२१. त्याने त्यांना नुसतं 'अनेक वाद्यांचे कॉन्चेर्तो' म्हटलं होतं. ब्रांडेनबुर्ग हे नाव एकोणिसाव्या शतकात श्पिट्टा या चरित्रकाराने दिलं. "आणि या पाचव्यात," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्या लोकांना जरासं काम दिलंय." 'आमच्या लोकांना' म्हणजे तोवर शंभर-सव्वाशे वर्षं साथ करत बसलेल्या सगळ्या चेंबालोवाल्यांना. परतीच्या गाडीत ते काही बोलले नाहीत, मांडीवर बोटं मात्र चालू होती.

तालमी सुरू झाल्या. पहिल्या भागाची बांधणी कीर्तनासारखी आहे. सुरुवातीला सगळे मिळून एक ठसकेबाज तुकडा वाजवतात, तो रितोर्नेल्लो, म्हणजे परत परत येणारा. मग सोलोवाले निरूपणाला निघतात, आणि ते जरा दमले की ध्रुवपद यावं तसा आमचा तुकडा येतो. ही युक्ती मुरवली विवाल्दीने. १७११ मधल्या त्याच्या कॉन्चेर्तोंच्या पुस्तकाने बाखलाही वेड लावलं होतं. त्यातले काही त्याने एकट्या कळफलकासाठी उतरवून घेतले. पण कीर्तनातलं ध्रुवपद आपल्या षड्जावरच परत येतं. रितोर्नेल्लो मधल्या वेळी आला की बरेचदा वेगळ्याच पट्टीत, आणि तोही अर्धामुर्धा. गावाला जावं तर तेच घर, तेच तुळशीवृंदावन, पण गल्ली भलतीच. सगळा तुकडा मूळ पट्टीत सलग ऐकू येतो तो अगदी शेवटी, आणि तेव्हा ऐकणाऱ्याला पायाखाली अंगण लागतं.

काकांचं पान बघण्यासारखं होतं. जिथे सगळे वाजवतात तिथे त्यांच्यासाठी नेहमीची एक ओळ आणि आकडे. जिथे सोलो, तिथे उजव्या हातासाठी सूर न् सूर लिहिलेला. म्हणजे एकाच पानावर माणूस कारकून, चार ओळींनी साहेब, पुन्हा कारकून. काका कारकुनीच्या ओळी मान ताठ ठेवून वाजवायचे आणि साहेबीच्या ओळी आल्या की खांदे पाडायचे.

आणि एकशेत्रेपन्नासाव्या बारनंतर थांबायचे.

बार म्हणजे तालाचं एक घर. एकशेचौपन्नाव्या बारला इतर सगळ्या वाद्यांना विश्रांती आहे आणि चेंबालोवर बाखने लिहिलंय, एकटा, बाकी वाद्यांशिवाय. "इथे मी थोडं वाजवतो," काका म्हणायचे, "त्याला फक्त मीच लागतो. तुमचा वेळ कशाला घालवा? शेवटचा रितोर्नेल्लो घेऊ." तालीम शेवटच्या नऊ बारवर उडी मारायची. सहा महिन्यांत ते 'थोडं' कुणी ऐकलं नाही. कुणाला त्याचं वाईटही वाटलं नाही. तेवढ्यात बेकरीवाला पाव वाटून घ्यायचा.

'थोडं' या शब्दाने मी तरी सावध व्हायला हवं होतं. "दोन शब्द बोलतो" म्हणून माईक हातात घेणाऱ्या अध्यक्षांच्या सभा ऐकत मी लहानाचा मोठा झालोय. या कॉन्चेर्तोचा एक आधीचा पाठ मिळतो. त्यात हा एकट्याचा तुकडा वीस बारच्याही आत आहे. मार्कग्राफला पाठवलेल्या प्रतीत तो पासष्ट बारचा झाला. बाख त्या तुकड्याजवळ दुसऱ्यांदा गेला तेव्हा त्याला आणखी काही आठवलं असणार. सगळा भाग दोनशेसत्तावीस बारचा, त्यात पासष्ट मामांचे. आपल्याकडे लग्नाचा बार उडवतात, तो एकच असतो.

कार्यक्रम एका खेड्यातल्या चर्चमध्ये होता. मार्चची थंडी, लाकडी बाकं, आजीआजोबा गुडघ्यांवर शाली घेऊन बसलेले. काकांनी गाडीच्या मागच्या भागातून चेंबालो उतरवला, पाय जोडले, दोनदा सुरात लावला. लोकांच्या श्वासांनी हवा उबदार झाली तसा तो पुन्हा उतरला आणि त्यांनी तिसऱ्यांदा लावला. पहिल्यांदा कोरेल्ली झाला, त्यात मी सारण होतोच. मग मी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि काकांच्या डाव्या अंगाला स्टुलावर जाऊन बसलो. आमचा संकेत ठरलेला होता: त्यांनी मान हलवली की मी पान उलटायचं. त्यांनी उभ्या जन्मात वाजवताना मान हलवली नव्हती, त्यामुळे घोटाळ्याला जागाच नव्हती.

सुरुवात बेताची झाली. बासरी आणि व्हायोलिन एकमेकींना "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत होत्या आणि काका त्यांच्यामागे चहाचा ट्रे घेऊन उभं राहावं तसे वाजवत होते. मग मधेच त्यांचा उजवा हात जरा जास्त बोलायला लागला. बासरीने एक लांब सूर धरला, तेवढ्यात काकांनी सोळा सूर घातले. पुढच्या वेळी बत्तीस. व्हायोलिनवाल्या पुढारीणबाईंनी एकदा मागे वळून पाहिलं. ट्रेवाला सोफ्यावर बसला होता.

चेंबालोचा आवाज चढवता येत नाही. कळ हळू दाबा नाहीतर बुक्की मारा, तार तेवढीच छेडली जाते. पियानोवाला रागावला की कडाडतो. चेंबालोवाल्याला ती सोय नाही. मग तो काय करतो? ज्याला ओरडता येत नाही तो भरभर बोलतो. त्याच वेळात दुप्पट सूर, मग चौपट. हे मला पुस्तकातून माहीत होतं. काकांच्या शेजारी बसून ते ऐकणं म्हणजे चाळीस वर्षं बँकेत हळू आवाजात बोलणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून तो एकदम सगळं सांगायला लागल्यावर ऐकणं.

एकशेत्रेपन्नासावा बार गेला. सगळ्यांनी गज खाली घेतले. काका एकटे.

सुरुवातीला त्यांनी मघाशी होऊन गेलेल्याच गोष्टी काढल्या, जरा वेगळ्या कोनातून, पाहुणे गेल्यावर घरातल्या घरात बोलावं तशा. छान वाटलं. साधारण वीस बार झाले असतील. बाखचा जुना पाठ इथवर संपलासुद्धा असता. पुढारीणबाईंनी व्हायोलिन उचललं, काका थांबत नाहीत असं पाहिलं आणि पुन्हा मांडीवर ठेवलं. बासरीवालीची बासरी लाकडाची. गार पडली की सूर उतरतो. तिने ती काखेत धरली. बेकरीवाला चेलोवर बोटांनी बार मोजत होता, त्याचे ओठ हलत होते. बाकीच्यांनी मोजायचं केव्हाच सोडलं होतं.

आणि काकांनी मान हलवली.

मी उठून पान उलटलं. त्यांनी लगेच पुन्हा मान हलवली. मी पुन्हा उठलो, उलटलं. तिसऱ्यांदा ती डावीकडून उजवीकडे गेली, डोळे मिटून. मग माझ्या लक्षात आलं, की पानाचा आणि मानेचा काही संबंध नाही. मी दोन पानं पुढे गेलो होतो, समोर तिसऱ्या भागाची सुरुवात उघडी होती आणि काका अजून पहिल्याच भागात डोळे मिटून डोलत होते. त्यांना सगळं पाठ होतं. केव्हापासून, कोण जाणे. मी पान परत मागे घेतलं, न घेतलं तरी चाललं असतं. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. सबंध चर्चमध्ये माझ्याइतका निरुपयोगी माणूस नव्हता, आणि जागा माझ्याइतकी चांगली कुणालाच नव्हती.

पुढे ते सूर असे धावायला लागले की बोटं मोजता येईनात. डावा हात खालच्या एका सुराला धरून बसला होता, दाराची कडी धरून ठेवावी तसा, आणि उजवा हात आत येऊ पाहणाऱ्या गर्दीसारखा त्या दारावर आदळत होता. पहिल्या रांगेतल्या आजींनी शाल बाजूला ठेवली. एका आजोबांना वाटलं संपलं, त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या, शेजारणीने हात धरला. ध्वनिमुद्रिकांत हा तुकडा तीन-साडेतीन मिनिटांचा असतो. काकांनी किती घेतली ते मी पाहिलं नाही. घड्याळ बघायला मान वळवावी लागली असती.

मग काकांनी दार सोडलं. शेवटचा रितोर्नेल्लो! मूळ पट्टीत, पहिल्यासारखाच. बेकरीवाला बरोबर जागेवर उतरला. त्याने पासष्टच्या पासष्ट मोजले होते, पहाटे तीनला उठून पाव मोजणाऱ्या माणसाला त्यात काय विशेष! बाकीचे अर्ध्या बारने त्याच्या मागून धावत आले आणि नवव्या बारपर्यंत सगळे एका अंगणात उभे राहिले. काका केव्हाच मान ताठ करून आकडे वाजवत होते. सहा, सात, चाराचे तीन.

दुसऱ्या भागात तिघेच सोलोवाले असतात, हळू, जपून. गार बासरीने त्यात जेवढी लाज काढायची तेवढी काढली. तिसरा नाचाच्या चालीचा. तो लोकांनी पायाने वाजवला. टाळ्या पडल्यावर बासरी उठली, व्हायोलिन उठलं. काका अर्धवट उठले, हाताने त्या दोघींकडे दाखवलं आणि झाकणाआड बसले. पुढारीणबाईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं तेव्हा ते इतके ओशाळले होते की त्यांनी चुकून तीन वेळा कमरेत वाकून नमस्कार केला. फोटो निघाले. आता खुणेचे कागद चार लागतील.

लोक गेल्यावर आम्ही चेंबालोचे पाय काढले, त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि दोघांनी उचलून गाडीत सरकवला. बाहेर अंधार, तोंडातून वाफा. काका घोंगडीची कडा नीट खोचत होते. पाठ माझ्याकडे ठेवूनच त्यांनी हळूच विचारलं, "माझं ऐकू आलं का?"

दोन वर्षांच्या सरावाने "नाही" अगदी ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. पण "हो" म्हणायचीही छाती होईना.

"मधे थोडंसं," मी म्हणालो.

काकांचा हात घोंगडीवर थांबला. त्यांनी नीट विचार केला, हिशेब कुठे चुकला ते शोधावं तसा. मग गाडीचं दार लावलं.

"तिथे," ते म्हणाले, "बाकीच्यांनी जरा हळू घेतलं असेल."